विमान एका तासाचे, प्रवास तीन तासांचा

पॅरिसनजीकचा ऑर्ली विमानतळ आणि नैऋत्य फ्रान्समधील बोर्दो विमानतळ यांच्यातील हवाई अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे. ते कापण्यास विमानाला साधारण एक तास दहा मिनिटे पुरतात. तरीही मे २०२३ मध्ये फ्रान्स सरकारने या मार्गावरील नियमित प्रवासी विमानसेवेवर बंदी घातली. ऑर्लीहून नांत आणि ल्यों येथे जाणाऱ्या सेवाही तिच्या कक्षेत आल्या.

या निर्णयाचा आधार ऑगस्ट २०२१ चा हवामानविषयक कायदा आहे. अडीच तासांच्या आत पोहोचवणारी थेट रेल्वे दिवसातून अनेकदा उपलब्ध असेल, तर त्या मार्गावर विमान नको, असे त्याचे सूत्र आहे. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकातून सुटणारी टीजीव्ही गाडी बोर्दोला दोन तास चार मिनिटांत पोहोचते. तिकिटावरील आकडे पाहता विमान जवळपास तासाभराने पुढे दिसते. परंतु शहरातून विमानतळ गाठणे, सुरक्षा तपासणी, प्रतीक्षा आणि उतरल्यावर पुन्हा शहरात येणे हा वेळ जमेस धरला, की हवाई प्रवास तीन तासांच्या घरात जातो. रेल्वे मात्र शहराच्या मध्यातून निघून शहराच्या मध्यात पोहोचवते.

प्रत्यक्षात बंदीचा आवाका मर्यादित राहिला. करोनाकाळात सरकारी अर्थसाहाय्याच्या मोबदल्यात एअर फ्रान्सने २०२० मध्येच या तीन सेवा थांबवल्या होत्या. कायद्याने त्या पुन्हा सुरू होण्याची आणि अन्य कंपन्यांनी ती जागा घेण्याची वाट बंद केली. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरून याच शहरांना जाणारी उड्डाणे सुरूच राहिली. पुढील प्रवासासाठी विमान बदलणाऱ्यांची सोय हे त्यामागील कारण. खासगी जेट विमानांना हा नियम लागू नाही. ऑर्लीवर मोकळ्या झालेल्या वेळा लांब पल्ल्याच्या, अधिक इंधन जाळणाऱ्या उड्डाणांना मिळू शकतात, हा पर्यावरणवाद्यांचा आक्षेपही बिनबुडाचा नाही.

खरा वाद वेळेच्या मर्यादेचा आहे. कायद्यापूर्वी नेमलेल्या नागरिक परिषदेने चार तासांची मर्यादा सुचवली होती. ती स्वीकारली असती, तर रेल्वेने तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागणारा पॅरिस-मार्सेल मार्गही बंदीच्या टप्प्यात आला असता. अडीच तासांच्या निकषामुळे तो सुटला. नीसला रेल्वेने सुमारे सहा तास लागत असल्याने तेथील विमानसेवेला दोन्ही निकषांत धोका नव्हता.

बोर्दोचे उदाहरण यासाठीच महत्त्वाचे ठरते. जुलै २०१७ मध्ये तूर ते बोर्दो हा ३०२ किलोमीटरचा वेगवान रेल्वेमार्ग खुला होण्यापूर्वी पॅरिसहून तेथे जाण्यास सव्वातीन तास लागत. तो मार्ग झाला नसता, तर बोर्दोचे विमान अडीच तासांच्या निकषात बसलेच नसते. आता हाच मार्ग पुढे तुलूजपर्यंत नेण्याची योजना आहे. सध्या चार तासांहून अधिक लागणारा पॅरिस-तुलूज प्रवास त्यानंतर सुमारे तीन तास दहा मिनिटांवर येईल. अडीच तासांची मर्यादा कायम राहिल्यास मात्र तुलूजचे विमान तेव्हाही उडतच राहील.