कापशीचं रिकामं घरटं

दिवाळीनंतरची गोष्ट. आमची कापशी, ७ महिन्यांची पांढरी मादी ससा, एकाएकी गुरगुरायला लागली. लेकीच्या हाताला चावली. मग तोंडात गवत धरून कोपऱ्यात नेऊ लागली आणि छातीचे केस स्वतःच उपटू लागली. मला वाटलं, खरूज झाली. सासूबाईंनी मात्र बघताक्षणी ओळखलं, "अगं, ही बाळंतपणाची तयारी करतेय!" पण घरात नर ससा नाहीच!

पशुवैद्य म्हणाले, ही खोटी गर्भधारणा. सशांमध्ये स्त्रीबीज उत्तेजनेमुळे सुटतं. पाठीवरून सतत हात फिरवल्यानेही कधी कधी शरीराची फसगत होते. साधारण १६ ते १८ दिवसांत सगळं ओसरतं. तोवर घरटं मोडू नका, रागावू नका, फक्त कपाळ कुरवाळा.

कायमचा उपाय म्हणजे शस्त्रक्रिया. सासूबाई अडून बसल्या, "मुक्या जिवाला कशाला कापायचं?" पण न केल्यास वयाबरोबर गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो, हे ऐकून गप्प झाल्या. थंडीतच उरकून घेतली. ग्वाल्हेरचा मे महिना सशांना सोसत नाही. एक लक्षात ठेवा: ससा उलटी करू शकत नाही, म्हणून शस्त्रक्रियेआधी त्याला उपाशी ठेवायचं नसतं. नंतरही तो लवकर खायला लागला पाहिजे.

त्या रात्री सासूबाई कोथिंबिरीची काडी घेऊन कापशीपाशीच बसल्या होत्या. पहाटे तिने ती कुरतडली, तेव्हा कुठे आमचा चहा झाला.