बोटुकली तलावात सोडण्याआधी थांबा
आंधळगाव परिसरातील मासेमार व मत्स्यपालकांना जाहीर आवाहन

आंधळगाव आणि मोहाडी तालुक्यातील ढिवर बंधू-भगिनींनो, मच्छीमार संस्थांच्या सभासदांनो, बोडीत मासे पाळणाऱ्या शेतकऱ्यांनो,

कळकळीची विनंती दोनच गोष्टींची आहे. बाहेरून आणलेली बोटुकली वेगळ्या पाण्यात ठेवून पारखल्याशिवाय तलावात सोडू नका. आणि एका तलावातले ओले जाळे तसेच दुसऱ्या तलावात टाकू नका.

माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा रोग थंडीत जोर धरतो. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, कोणालाच तो सोडत नाही. तो इक्थिऑफ्थिरियस नावाच्या परजीवीमुळे होतो. मासा दगडाला, खुंटाला अंग घासतो, चारा सोडतो, पाणी येते त्या तोंडाशी गोळा होऊन तोंड वर काढतो. ठिपका दिसतो तो एक मिलिमीटरपर्यंतचा, आणि तो ठिपका म्हणजेच कातडीखाली बसलेला जिवंत परजीवी. तिथे कोणतेही औषध त्याला नीट पोचत नाही. भरपेट खाऊन झाले की तो मासा सोडतो, तळाला चिकटतो, स्वतःभोवती आवरण करतो आणि आत शेकडो, कधी हजारापर्यंत पिल्ले तयार होतात. ही पिल्ले पाण्यात मोकळी सुटतात. साधारण दोन दिवसांत त्यांना मासा मिळाला नाही तर ती मरतात. आपला डाव साधायचा तो इथेच. पाणी 25 अंशांच्या आसपास असेल तर ही सगळी फेरी आठवड्याच्या आत पुरी होते. पाणी 30 अंशांवर तापले की त्याचा जोर ओसरतो. म्हणून मे महिन्यापेक्षा कार्तिक ते शिवरात्र हा काळ डोळ्यांत तेल घालून राहण्याचा.

आंधळगावात कोसा विणला जातो. आपल्या जिल्ह्यात ऐनाच्या झाडांवर कोसा पिकवणारी कितीतरी घरे ढिवरांचीच आहेत. मादी पतंग सूक्ष्मदर्शकाखाली तपासून मिळालेले रोगमुक्त अंडीपुंजच का घ्यायचे, हे त्या घरांत लहान पोरालाही कळते. कोशाच्या किड्यांत पेब्रिन रोग आला तर हंगाम बुडतो. मत्स्यबीज घेताना मात्र आपण पिशवीचा भाव आणि आतले नग एवढेच बघतो. हे बदलले पाहिजे.

बोटुकली आणली की आधी सिमेंटच्या टाकीत किंवा तलावाशी पाण्याचा संबंध नसलेल्या छोट्या खड्ड्यात निदान दोन आठवडे ठेवा. त्याच तलावात हापा लावून उपयोग नाही, कारण परजीवीची पिल्ले हाप्याच्या जाळीतून सहज पार होतात. टाकीत लिटरमागे 3 ग्रॅम खडे मीठ ठेवले तर पाण्यात मोकळी असलेली पिल्ले मरतात. कातडीखालचा परजीवी मरत नाही, म्हणून मीठ एक दिवस टाकून थांबू नका. रोज तळाचा गाळ नळीने ओढून काढा, आणि ते पाणी तलावाकडे वाहू देऊ नका.

कोकणात समुद्रातल्या पिंजऱ्यांत जिताडा, मोदुसा पाळतात. त्यांनाही असाच पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो. त्याचा परजीवी क्रिप्टोकॅरिऑन, पण त्याची चाल तीच. मासा सोडल्यावर त्याला फुटायला निदान तीन दिवस लागतात, म्हणून टाकीत उपचार करताना दर तीन दिवसांनी मासे आधी वाळवून नवे पाणी भरलेल्या स्वच्छ टाकीत हलवतात; परजीवी मागे राहतो. आपल्या गोड्या पाण्यातल्या परजीवीला उबदार पाण्यात एक दिवसही पुरतो. तेव्हा दोन टाक्या असतील तर रोज आलटून-पालटून वापरा, आणि रिकामी झालेली टाकी उन्हात खडखडीत वाळू द्या.

मोठ्या मामा (माजी मालगुजारी) तलावात रोग शिरला की औषध टाकणे ना परवडते, ना झेपते. घाबरून कोणी मोरचूद ओतू नका. त्याच पाण्यावर आपली गुरे जगतात, धान पिकते. मॅलाकाइट ग्रीन हे हिरवे औषध तर खायच्या माशांसाठी बंदीच आहे. कोणी दुकानदार देत असेल तर घेऊ नका. बोडी उन्हाळ्यात आटते तेव्हा तळ फुटेपर्यंत वाळवा आणि एकरी सुमारे 100 किलो चुना मारा, मातीप्रमाणे मात्रा विचारून घ्या. जाळी, डोंगे, पाट्या दुसऱ्या तलावावर नेण्याआधी पूर्ण वाळलेल्या असाव्यात. परजीवी कोरड्यात जगत नाही, हेच आपले सर्वांत स्वस्त औषध.

गावकऱ्यांनाही सांगणे आहे. काचेच्या पेटीतले रंगीत मासे नको झाले म्हणून तलावात सोडू नका. तेही रोग घेऊन येतात. हा रोग माणसाला होत नाही, त्यामुळे बाजारातला ताजा मासा नीट शिजवून खायला हरकत नाही. अफवा उठवून मासे विकणाऱ्या बायांचा धंदा बसवू नका.

ठिपके दिसले तर लपवू नका. ठेका जाईल, गिऱ्हाईक तुटेल या भीतीने गप्प राहिलात तर शेजारचा तलावही जाईल. भंडाऱ्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. केंद्र सरकारने जून 2023 मध्ये सुरू केलेल्या ‘रिपोर्ट फिश डिसीज’ या मोबाइल ॲपवरही कळवता येते; पोरांकडून फोनमध्ये घालून घ्या. नागपूरला तेलंगखेडीत मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथल्या जाणकारांचा सल्ला घ्या. तपासणीला मेलेला मासा नेऊ नका, कारण मासा मेला की परजीवी त्याला सोडून जातो. ठिपके असलेले दोन-चार जिवंत मासे त्याच पाण्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत न्या. मेलेले मासे नहरात न टाकता तलावापासून लांब खड्ड्यात चुना घालून पुरा.