फुकट तिकीट व महाग शांत

आमचे एक कुंभार स्नेही यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले, याचा आम्हांस आनंद वाटतो. भाऊबंद म्हणाले, "आता एस्.टी. फुकट; क्षेत्रास जाऊन शांत करा!" २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील वृद्धांस एस्.टी.त तिकीट नाही व १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धे, हे खरे. पण वाचलेले भाडे दक्षिणेत घालावयाचे, तर सवलत कोणाच्या पदरात पडली? आमच्या स्नेह्यांनी नातीचे अर्धे तिकीट काढून तिला पुण्यास जोतीरावांचा वाडा दाखविला व उरल्या पैशांत पुस्तके घेतली. शेतकरी-कारागीर बंधुभगिनींनो, प्रवास जरूर करा. मात्र वाचलेला पैसा उपाध्यायाच्या ताटात नव्हे, लेकीच्या दप्तरात पडू द्या!