गारवा झाला, नाही?

माझं एका वाक्याशी भांडण आहे. वाक्य अगदी साधं, तीन शब्दांचं आणि वरकरणी कुणाच्या अध्यात ना मध्यात. "गारवा झाला, नाही?" एवढंच. आमच्या जळगावात मे महिन्याच्या उत्तरार्धात एखाद्या संध्याकाळी अर्धा तास वादळ होऊन गेलं, की कॉलनीतल्या प्रत्येक फाटकाशी हे वाक्य उभं असतं. त्याला उत्तरही ठरलेलं. "अहो, एकदम माथेरान!" हे म्हणणारे गृहस्थ माथेरानला आयुष्यात एकदाच, ते सुद्धा शाळेच्या सहलीबरोबर गेलेले असतात.

आता तुम्ही म्हणाल, यात भांडण्यासारखं काय आहे? उन्हाळाभर भाजून निघालेल्या माणसानं गार वाटल्यावर गार वाटलं म्हणू नये की काय? जरूर म्हणावं. आमचे मार्च ते मे कसे जातात हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. भुसावळकर मात्र आमच्याकडं दयेनं पाहतात, कारण त्यांचा पारा बहुधा आमच्या पुढं असतो आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! दुपारी बाराला दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात. घरातल्या कर्त्या पुरुषाचं कर्तृत्व कूलरमध्ये बादल्या ओतण्यापुरतं उरतं. अशा वेळी पश्चिमेकडून गार वारा आला तर त्याला शिव्या द्या, असं मी म्हणत नाही. माझी तक्रार पुढची आहे.

आधी वादळ कसं येतं ते सांगतो. साडेचारच्या सुमाराला आभाळ मातकट पिवळं होतं. पानही हलत नाही. मग एकदम कुठंतरी पत्रा वाजतो आणि त्याच क्षणी कॉलनीतली समस्त स्त्रीशक्ती गच्चीवर धावते. कारण गच्चीवर कुरडया असतात, ज्वारीचे बिबडे असतात, पापड असतात. वर्षाचं वाळवण. त्या पाच मिनिटांत आमची ही जे हुकूम सोडते ते एखाद्या सेनापतीनं ऐकले तर तो वहीत टिपून घेईल. मी धोतराचा एक कोपरा धरतो, ती दुसरा धरते, मधे कुरडया. शेजारच्यांचं धोतर आमच्या गच्चीवर येतं, आमचं त्यांच्या. वीज जाते. धूळ डोळ्यांत, दातांत, चहात. मग टपोरे थेंब, मातीचा वास, आणि अर्ध्या तासात सगळं शांत. बायका खाली बसून ओल्या कुरडया वेगळ्या काढत असतात आणि पुरुषमंडळी फाटकाशी येऊन... तेच ते वाक्य.

दुसऱ्या दिवशीचा पेपर पाहा. पहिल्या पानावर मोटारसायकलवर भिजत चाललेल्या दोन मुलींचा फोटो आणि वर मथळा, 'वळवाच्या सरींनी जळगावकरांना दिलासा'. पान उलटा. सोन्याच्या दुकानाची पानभर जाहिरात. आणखी उलटा. क्लासवाल्यांची पानभर जाहिरात, त्यात मुलांचे टक्के. मग पाचव्या पानावर खालच्या कोपऱ्यात, 'रावेर, यावल तालुक्यांत केळीबागा भुईसपाट'. वादळ तेच, संध्याकाळ तीच, पेपर तोच. पण पहिल्या पानावरच्या वादळाला पाचव्या पानावरचं वादळ ओळख देत नाही.

हे मी आज मोठ्या तोऱ्यात लिहितोय, पण मीही त्या फाटकवाल्यांतलाच होतो. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, नकाशावर सातपुडा काढला, तापी काढली, तिच्या उत्तरेला 'केळी' असं सुवाच्य अक्षरांत लिहिलं, पैकीच्या पैकी मार्क दिले, आणि घरी येऊन "गारवा झाला, नाही?" म्हटलं.

काही वर्षांपूर्वी धुळ्याला भाच्याच्या लग्नाला गेलो होतो. मेअखेरीचं लग्न. मंगलाष्टकांना सुरुवात झाली आणि मांडव फुगायला लागला. तिसऱ्या अष्टकाला पांझरेच्या बाजूनं असा लोट आला, की मांडवाचं अर्धं कापड उठून पलीकडच्या घराच्या टाकीवर जाऊन बसलं. अक्षता वाऱ्यानं उलट्या येऊन भटजींवरच पडल्या. लगेच गप्पांना ऊत! एक आजी म्हणाल्या, "नवरीनं कढईत खाल्लं असेल, दुसरं काय." नवरीकडची मंडळी म्हणाली, "नवरदेवानंच खाल्लं असेल." एक जाणते म्हणाले, शुभशकुन आहे, वरुणराजा आशीर्वाद द्यायला आला. वधूपिता बिचारा भिजलेल्या भातापुढं उभा होता, त्याला कुणी काही विचारलं नाही. मी शेवभाजीची वाटी सांभाळत म्हणालो... काय म्हणालो ते सांगायला नकोच.

त्याच दुपारी एस.टी.नं जळगावला निघालो. पारोळ्यापर्यंत ठीक होतं. एरंडोल मागं पडलं आणि समोरचा रस्ता दिसेनासा झाला. ड्रायव्हरनं दिवे लावले, मग गाडी उभीच केली. पुढं एक मोठा निंब रस्त्यावर आडवा झाला होता. पाऊस थांबला तसं खिडक्या उघडल्या, आणि काय सांगू, अशी सुरेख झुळूक आली! माझ्या शेजारी टोपी घातलेले, माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. धुळ्याला कुणाच्या तरी दहाव्याला जाऊन परत चालले होते. प्रवासात बोलायला काहीतरी हवं म्हणून मी मोठ्या उत्साहानं म्हणालो, "गारवा झाला, नाही दादा?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, चौकशीनं.

"तुम्ही जळगावचे का भाऊ?"

"हो."

"मंग बरोबर."

आणि परत हातातल्या मोबाइलकडं बघायला लागले. त्याला रेंज नव्हती. ते तो खिडकीबाहेर धरायचे, आत घ्यायचे, पुन्हा बाहेर धरायचे. कंडक्टरला दोनदा विचारलं, "तिकडं सावद्याकडं कसं असंल हो?" कंडक्टर काय सांगणार? गाडीत बाकी सगळीकडं भज्यांच्या गोष्टी चालल्या होत्या. तासाभरानं निंब बाजूला झाला, गाडी पाळधीच्या पुढं आली, बांभोरीच्या पुलावर गिरणा ओलांडता ओलांडता फोन वाजला. त्यांचं बोलणं मी शब्दन्‌शब्द सांगू शकतो, कारण ते फारसं नव्हतंच.

"किती?"

मग बराच वेळ ऐकत राहिले.

"शेवरीकडची पण?"

पुन्हा ऐकलं.

"बरं. तुम्ही जेवून घ्या. मी येतो."

फोन खिशात ठेवला. बस स्टँड येईपर्यंत मीही गप्प. काय बोलावं? भूगोलात ते शिकवलेलं नव्हतं. शेवटी त्यांनाच माझी दया आली असावी. म्हणाले, "मृगाची लावण होती. पंधरा दिवसांवर कापणी आलती." आणि थोडं थांबून, मला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून, "गारवा झाला बाकी. तुम्ही म्हणता ते खोटं नाही."

घरी आलो तो थेट पुस्तकं काढून बसलो. केळीला आपण झाड म्हणतो, पण तिच्यात लाकूड औषधालाही नसतं. खोड म्हणजे पानांच्या देठांची एकावर एक गुंडाळी, आणि त्यात बहुतेक पाणीच. त्या पाण्याच्या खांबावर वीस-पंचवीस किलोचा घड लोंबतो. मृगबाग जून-जुलैत लावायची, वर्षभर तिला पाजायचं, जपायचं, बांधावर वारा अडवायला शेवरी लावायची. मग पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी घड भरतात. म्हणजे ज्या पंधरवड्यात घड सगळ्यांत जड, त्याच पंधरवड्यात वादळं. एक खोड एकदाच निसवतं. कच्च्या घडासकट ते आडवं झालं की वर्ष गेलं. पडलेल्या मालाला व्यापारी हात लावत नाही.

पण खरा ठोसा मला हवामानाच्या पुस्तकानं दिला. मी समजत होतो, वादळ वाईट आणि गारवा चांगला. निसर्ग एका हातानं घेतो, दुसऱ्या हातानं देतो वगैरे. तसं काही नाही. दुपारभर तापलेल्या जमिनीवरून वाफेची हवा वर चढते, ढग मैलोन्‌मैल उंच होतो, त्यातून पाऊस पडायला लागतो. तो खालच्या कोरड्या हवेतून येताना थोडा वाटेतच वाळतो आणि त्यानं ती हवा गार होते. गार हवा जड. ती धाडकन खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूबाजूंना फाकते. तोच वादळी वारा. थोडक्यात, जी हवा फाटकाशी आपल्या बनियनमध्ये शिरते, तिच्याच भावंडांनी पलीकडं बाग झोपवलेली असते. गारवा आणि वादळ अशा दोन गोष्टी नाहीतच. आपण जेव्हा "गारवा झाला" म्हणतो, तेव्हा नेमकं वादळाचंच कौतुक करतो!

बरं, या वादळांना नावही नसतं. २००४ पासून आपल्या बाजूच्या समुद्रांत चक्रीवादळ झालं की त्याचं रीतसर बारसं होतं. ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर बसून ते क्रिकेटसारखं पाहिलं. मे २०२१ मधलं तौक्ते हे नाव म्यानमारनं दिलेलं; त्याचा अर्थ एक जातीची मोठ्यानं ओरडणारी पाल. तेव्हा कॉलनीत पंधरा दिवस पालीवरच विनोद चालू होते. पण रावेरची केळी झोपवणारी वादळं ही समुद्रातून आलेली खानदानी नव्हेत. ती इथंच, आमच्याच उन्हानं जन्माला येतात, वीस मिनिटं जगतात आणि बिननावाची मरतात. नाव नाही म्हणून टीव्ही नाही. त्यांच्या नशिबी फक्त तलाठी आणि पंचनामा. फळपीक विम्यात केळीसाठी थंडी, ऊन, गारा यांच्या जोडीला वाराही धरलेला आहे; नुकसानीची खबर ७२ तासांत द्यायची. त्यातले पहिले चोवीस तास खेड्यात वीज नसते आणि मोबाइल मेलेला असतो. इकडं आम्ही पंखा बंद पडला म्हणून वीजवाल्यांना दर दहा मिनिटांनी फोन करून त्यांची लाइन अडवून बसलेलो.

गारांचं तर विचारूच नका. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली. त्या वेळी आमच्याकडं गारा वाट्यांत भरून त्यांचे फोटो काढले गेले, एकानं त्यावर सरबत ओतून मुलांना दिलं, आणि "काश्मीर झालं हो आपलं!" असं तीन घरांतून ऐकू आलं. शेतात तेव्हा गहू आणि हरभरा उभा होता.

याच जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही पेढे वाटले. केळी नव्हे, पेढे! विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं, फार चांगलं केलं. या बाई जळगावच्या वेशीवरच्या आसोद्याच्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, पण वारा, पाऊस, पेरणी त्यांच्या तोंडी आयुष्यभर होती. संमेलनात त्यांच्या ओळींना मान डोलवायची आणि बाहेर येऊन माथेरानच्या पाहुण्यासारखं बोलायचं, हा कुठला न्याय?

शहाण्या माणसांत 'हवापाण्याच्या गप्पा' म्हणजे रिकाम्या गप्पा असं समजतात. विषय नसला की हवेवर बोलावं. मी म्हणतो, खान्देशात हा एवढा एकच विषय आहे, बाकीच्याच गप्पा रिकाम्या. धुळ्याकडं माझ्या लहानपणी दोन माणसं बैलगाडी थांबवून अहिराणीत पहिला प्रश्न विचारायची, "तुमनाकडे पानी ऊना का?" कशासाठी? बोलायला काही नाही म्हणून नव्हे. आपल्या शिवारात काय झालं ते प्रत्येकाला ठाऊकच असे. पलीकडच्या शिवारात काय झालं ते त्याला हवं असायचं. पेरायचं की थांबायचं, बी उसनं मागायचं की द्यायचं, ते त्या उत्तरावर ठरे. त्या वाक्यात 'तुमनाकडे' आहे. आमच्या वाक्यात कोण आहे? मी, माझी बनियन आणि माझी पाठ. आणि शेवटी तो 'नाही?'. तो सुद्धा प्रश्न नव्हे, टाळी मागणं आहे!

हे सगळं मी एका संध्याकाळी फाटकाशी बोलून दाखवलं. मंडळींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माथेरानवाले म्हणाले, "सर, उकाड्यानं तुमचं डोकं तापलंय. बसा जरा बाहेर, गारवा झालाय."

त्या बसमधल्या गृहस्थांचा नंबर मी उतरताना मागून घेतला होता. तेव्हापासून इकडं वादळ झालं की वीज असो नसो, मी तिकडं फोन लावतो. कधी लागतो, कधी लागत नाही. गेल्या मे महिन्यात लागला. मी विचारलं, "दादा, तुमच्याकडं कसं?" म्हणाले, बांधाकडची शे-दीडशे गेली, बाकीची उभी आहे. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि आता काय बोलावं म्हणून अडखळलो. तर पलीकडून आवाज आला,

"आणि भाऊ, वहिनीच्या कुरडया वाचल्या का?"