ढग तुमचे, ऊन आमचं

गेल्या रविवारी दादाशी (माझा मावसभाऊ, सॅन फ्रान्सिस्कोच्या सनसेट भागात राहतो) फोनवर चांगलंच वाजलं. विषय राजकारण नाही, घरची इस्टेट नाही. विषय हवामान! "हवामानावरून कुणी भांडतं का गं?" असं आई म्हणाली. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं. दादा हा ब्लॉग वाचतो, त्यामुळे निरोपही आपोआप पोचेल :-)

उन्हाळाभर टीव्हीवरचा माणूस रोज तोच पाढा म्हणतो. किनाऱ्यावर रात्री आणि सकाळी खालचे ढग, दुपारी उघडीप, आतल्या भागात गरम. झालं, पुढची बातमी. त्यातल्या 'आतल्या भागात' या दोन शब्दांत आम्ही राहतो. गाव लिव्हरमोर, दादाच्या घरापासून गाडीने तासाभरावर. जुलैतल्या एखाद्या दुपारी त्याच्याकडे १५-१६ सेल्सियस आणि अंगात स्वेटर, त्याच वेळी आमच्याकडे ३८-४०. दादा ढगांना कंटाळलेला असतो. तिथल्या लोकांनी त्या धुक्याला 'कार्ल' असं लाडाचं नावसुद्धा ठेवलंय.

आता हे ढग येतात कुठून? आपल्याकडे समुद्र म्हणजे घाम. उन्हाळ्यात अरबी समुद्राचं पाणी २९-३० अंशांवर जातं, मुंबईत कोण गार होणार? इथला पॅसिफिक मात्र ऐन उन्हाळ्यात १२-१४ अंशांवर असतो, कारण उत्तरेकडून थंड प्रवाह येतो आणि वाऱ्यामुळे तळाचं गार पाणी वर येत राहतं. त्यावरची हवा गार होते, तिच्यात ढग धरतात, आणि वरून दाबाने खाली येणारी गरम हवा त्यांच्यावर झाकणासारखी बसते. इकडे आतली जमीन तापली की ती ही गार हवा ओढून घेते. खाडीवरून, टेकड्यांच्या खिंडींतून वारं येतं. पलीकडच्या अल्टामाँट खिंडीत पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केलेल्या. संध्याकाळी सहा-साडेसहाला हे वारं आलं की आमचं अख्खं गाव खिडक्या उघडतं. रात्री चक्क पांघरूण लागतं.

तर माझं म्हणणं हे. ज्या दिवशी वरचा दाब फार वाढतो, त्या दिवशी हा गार थर चेपला जातो. किनाऱ्यावरचे ढग विरतात आणि आमच्याकडचं वारं मरतं. नेमकं त्याच दिवशी टीव्हीवरचा माणूस खुशीत येऊन सांगतो, चला, ढग गेले, शनिवार-रविवार बीचवर! त्याच्या उघडिपीचा आमच्यासाठी अर्थ काय, हे तो सांगत नाही. तुमचं ऊन पडलं की आमची रात्र गेली.

२०२२ च्या सप्टेंबरात बाबा इथे होते. वय ७४, जन्म नागपूरचा, आणि नागपूरकराचा तो अभिमान तुम्हाला ठाऊकच आहे. "हे काय ऊन आहे? आमच्याकडे मे महिन्यात ये." लेबर डेचा सोमवार, ५ तारीख. दुपारी दादाचा फोन आला, इकडे काय मस्त ऊन पडलंय, काकांना घेऊन या. त्या दिवशी लिव्हरमोरमध्ये ११६ फॅरनहाइटची नोंद झाली. जवळजवळ ४७ सेल्सियस. बाबा दिवसभर घरातच होते, पण सहा वाजता नेहमीप्रमाणे फिरायला निघाले. मी म्हटलं नको, ते म्हणाले आता वारं येईल. मीही फार ओढून धरलं नाही. ते मला अजून टोचतं.

वारं आलंच नाही. दोन गल्ल्या पलीकडे बाबा फुटपाथच्या कडेला बसलेले सापडले. शेजारी एक पार्सलवाला पोरगा. त्याने स्वतःच्या बाटलीतलं पाणी बाबांच्या डोक्यावर, सदऱ्यावर ओतलं होतं आणि पुठ्ठ्याच्या खोक्याने वारा घालत होता. मी आभार मानेपर्यंत तो व्हॅनकडे पळालासुद्धा, उरलेली पार्सलं द्यायची होती. बाबा एक रात्र हॉस्पिटलात काढून घरी आले. बरे आहेत. पण डॉक्टरांनी विचारलं, सवय आहे का उन्हाची, तेव्हा "नागपूर" हे उत्तर चालेना. उन्हाची सवय अंगात मुरायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि एसीत बसलं की तितक्याच लवकर ती उतरते. शिवाय नागपुरात दुपारी बाहेर असतं कोण? तिथे वाळ्याचे कूलर आहेत, पन्हं आहे, डोक्याला दुपट्टा आहे, दोनला शुकशुकाट आहे. ऊन सोसतं ते गाव. एकटा माणूस नाही सोसत.

दुसऱ्याच संध्याकाळी राज्य सरकारने लोकांच्या फोनवर तातडीचा इशारा पाठवला. उन्हाने विजेच्या जाळ्यावर ताण आलाय, वीज वाचवा! जाळं वाचलं म्हणा, त्याबद्दल तक्रार नाही. पण म्हाताऱ्यांना सांभाळा म्हणून तसाच फोन कधी वाजेल?

दादाचा युक्तिवाद असा की माहिती असते, लोक वाचत नाहीत. अर्धं कबूल. हवामान खात्याची मूळ पत्रकं खरंच चांगली असतात. २०२४ पासून तर त्यांचा उष्णतेच्या धोक्याचा रंगीत नकाशा जवळजवळ सगळ्या अमेरिकेसाठी आहे, आणि त्यात रात्रीचं तापमानही धरतात, सलग किती दिवस ऊन आहे तेही धरतात. पण तुझ्या फोनवर काय दिसतं, दादा? एक आकडा आणि त्याच्याशेजारी पिवळाधमक सूर्य. ११६ लाही तोच सूर्य, ७५ लाही तोच.

आणि तो एक आकडाही दुपारचा. माणसं मरतात ती बऱ्याचदा रात्रींमुळे. २००६ च्या जुलैत कॅलिफोर्नियात लाट आली तेव्हा हवेत दमटपणा होता, रात्री उतरल्याच नाहीत. शवचिकित्सकांनी सुमारे १४० मृत्यू उन्हामुळे म्हणून नोंदवले, आणि प्रत्यक्षातला आकडा त्याहून बराच मोठा होता असं नंतरचे अभ्यास सांगतात. दादा, तुझ्यासाठी मुद्दाम सांगते, त्या वेळी उन्हाच्या त्रासाने इस्पितळात धावणाऱ्यांचं प्रमाण गार किनाऱ्याच्या भागातही खूप वाढलं होतं. सवय नाही, घरात एसी नाही. १ सप्टेंबर २०१७ ला खुद्द तुझ्या शहरात १०६ झालं होतं, विसरलास?

घरच्यांनाही हेच सांगायचंय. खारघरला एप्रिल २०२३ मध्ये भर उन्हातल्या सोहळ्याने १४ जणांचा जीव घेतला. त्या दिवशीचा आकडा अडतिसच्या आसपास. विदर्भातला माणूस हसेल अशा आकड्याला.

राहिला तो पार्सलवाला. उघड्यावर काम करणाऱ्यांना पाणी आणि सावली द्यायचा नियम या राज्याने २००५ मध्येच केला, देशात सगळ्यात आधी. तरी २००८ च्या मे महिन्यात स्टॉकटनजवळच्या द्राक्षमळ्यात १७ वर्षांची एक मजूर मुलगी उन्हाने गेलीच. द्राक्षं आतल्या भागात, त्यांची वाइन पिणारे बरेचसे ढगाखाली. दादा म्हणतो मी हवामानातही राजकारण आणते. मी आणत नाही रे, ढगाखालच्या घरांच्या किमती बघ.

असो. दादाने शेवटी विचारलं, मग टीव्हीवाल्याने म्हणावं तरी काय? मी म्हटलं, आधी रात्रीचा आकडा सांगावा, आणि संध्याकाळी वारं येणार की नाही ते. तो म्हणाला हे फार रटाळ होईल.

बाबा पुन्हा यायचं म्हणतायत. मी तिकीट मार्चचं काढलंय. त्यांना वाटतंय तेव्हा स्वस्त मिळालं.