मालवाहू पिकअपची खरी किंमत

शेतात पीक उभे करणे जितके कष्टाचे, तितकेच ते वेळेवर बाजारात पोहोचविणे महत्त्वाचे असते. नारायणगावच्या बाजारात जाणारा टोमॅटो असो, लासलगावचा कांदा असो की वाशीच्या बाजारपेठेकडे निघालेला भाजीपाला असो, तोडणीनंतरचा प्रत्येक तास त्या मालाच्या भावात जमा होतो अथवा वजा होतो. बैलगाडीची जागा आता चारचाकी पिकअपने घेतली आहे, आणि बागायती गावांतून अशी गाडी दारात असणे हे सुस्थितीचे लक्षण मानले जाऊ लागले आहे. गाडी ही सोय आहे यात संशय नाही. तथापि ती घेताना शोरूममधील किमतीकडे जितके लक्ष दिले जाते, त्याच्या चौथा हिस्साही पुढील दहा वर्षांच्या खर्चाकडे दिले जात नाही. एका चांगल्या हंगामात आलेला पैसा गाडीत घालून पुढच्या दोन वाईट हंगामांत हप्त्यापायी कर्जात बुडण्याची वेळ येते, ती या दुर्लक्षामुळेच.

बाजारातील गाड्या व त्यांची कीर्ती

टाटा कंपनीची ४०७ ही गाडी १९८६ साली आली आणि ग्रामीण मालवाहतुकीत तिने दीर्घकाळ आपले स्थान टिकविले. २००५ साली त्याच कंपनीने पाऊण टन माल वाहणारी एस ही छोटी गाडी आणली. 'छोटा हाथी' या नावाने ती गावोगावी ओळखली जाते. २०११ साली अशोक लेलँडची दोस्त ही सव्वा टन क्षमतेची गाडी आली. महिंद्रची बोलेरो पिकअप तर कच्च्या रस्त्याच्या गावांत सर्वपरिचित झाली आहे. २०१७ साली टाटांची योद्धा आली, आणि २०२२ साली तिची दोन टन क्षमतेची आवृत्ती निघाली. या प्रत्येक गाडीचे समर्थक आहेत, आणि चावडीवर तिच्या टिकाऊपणाविषयी वाद घालणारेही आहेत.

परंतु या वादात एक गोष्ट विसरली जाते. गाडीची कीर्ती ही दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या यंत्राची असते, आणि ग्राहकाच्या हाती येते ते आजचे यंत्र. १ एप्रिल २०२० पासून देशभर बी.एस. ६ ही प्रदूषणविषयक मानके लागू झाली. त्याबरोबर डिझेल इंजिनांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी आली, इंधन पुरविणारी यंत्रणा अधिक नाजूक झाली आणि तिचे नियंत्रण संगणकाकडे गेले. पूर्वी गावचा मिस्त्री पाना व हातोडा घेऊन जो दोष दूर करीत असे, त्यासाठी आज दोष वाचणारे यंत्र लागते. यास्तव 'शेजाऱ्याची गाडी पंधरा वर्षे चालली' हा पुरावा जुन्या गाडीपुरता खरा आहे. त्याच नावाच्या नव्या गाडीला तो जसाच्या तसा लागू करता येत नाही.

हिशेबाची रीत

गाडीचा खर्च दोन प्रकारचा असतो. गाडी उभी असो वा धावत असो, जो खर्च होतच राहतो तो स्थिर खर्च. घसारा, कर्जावरील व्याज, विमा, कर व योग्यता प्रमाणपत्र यांचा त्यात समावेश होतो. गाडी धावेल तसा वाढतो तो चालू खर्च. डिझेल, टायर, तेल, दुरुस्ती व चालकाची मजुरी हे त्याचे घटक होत. घरचाच मुलगा गाडी चालवीत असला तरी त्याची मजुरी धरलीच पाहिजे. कारण त्या दिवशी तो शेतात नसतो.

उदाहरणादाखल दहा लाख रुपयांची गाडी धरू. दोन लाख पदरचे व आठ लाख कर्जाचे, मुदत पाच वर्षे व व्याज शेकडा १० धरल्यास महिन्याचा हप्ता सुमारे १७,००० रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे २,२०,००० रुपये होते. दहा वर्षांनी ती गाडी अडीच लाखांस विकली जाईल असे मानल्यास घसारा साडेसात लाखांचा, म्हणजे वर्षाला ७५,००० रुपये. व्याज दहा वर्षांवर विभागल्यास २२,००० रुपये. विमा, कर व इतर सरकारी देण्यांसाठी ३५,००० रुपये धरल्यास वर्षाचा स्थिर खर्च १,३२,००० रुपये होतो. चालू खर्चात ९० रुपये लिटरचे डिझेल व लिटरला १२ किलोमीटर या दराने साडेसात रुपये, टायर-तेल-दुरुस्तीचे तीन रुपये व चालकाचे अडीच रुपये मिळून किलोमीटरमागे १३ रुपये होतात. हे आकडे गावोगावी बदलतील. रीत मात्र तीच राहील.

आता गाडी वर्षाला ८,००० किलोमीटर धावली, तर स्थिर खर्चाचा भार किलोमीटरला साडेसोळा रुपये पडतो आणि एकूण खर्च साडेएकोणतीस रुपयांवर जातो. तीच गाडी २४,००० किलोमीटर धावली, तर भार साडेपाच रुपयांवर येतो व एकूण खर्च साडेअठरा रुपये होतो. गाडी एकच, कंपनी एकच, चालकही एकच. परंतु एका शेतकऱ्याला ती दुसऱ्याच्या दीडपटीहून अधिक महाग पडते. कोणत्या कंपनीची गाडी स्वस्त, या प्रश्नाआधी आपली गाडी वर्षात किती धावणार, हा प्रश्न विचारला पाहिजे तो यासाठी.

भाड्याच्या गाडीशी तुलना करण्याची रीतही सोपी आहे. गावात येण्याजाण्यासह किलोमीटरला २४ रुपये भाडे पडत असेल, तर त्यातून चालू खर्चाचे १३ रुपये वजा केल्यावर ११ रुपये उरतात. वर्षाच्या स्थिर खर्चाला या ११ ने भागले असता १२,००० किलोमीटर हा आकडा येतो. याहून कमी धाव असणाऱ्याने भाड्याचीच गाडी वापरावी हे हिताचे. ज्याची धाव याहून अधिक आहे, त्याला स्वतःची गाडी परवडेल.

किंमत की मायलेज?

दोन गाड्यांत एक लाखाचा फरक असल्यास दहा वर्षांत तो वर्षाला १०,००० रुपये पडतो. उलटपक्षी एक गाडी लिटरला १२ किलोमीटर व दुसरी १० किलोमीटर जात असेल, तर किलोमीटरला दीड रुपयाचा फरक पडतो. ८,००० किलोमीटरच्या धावेत हा फरक वर्षाला १२,००० रुपयांचा, म्हणजे किमतीच्या फरकाहून थोडाच अधिक आहे. २४,००० किलोमीटरच्या धावेत मात्र तो ३६,००० रुपयांवर जातो. थोडे धावणाऱ्याने किमतीकडे व दूर धावणाऱ्याने मायलेजकडे अधिक पाहावे. मायलेजही जाहिरातीतील न धरता भरलेल्या गाडीचे धरावे, आणि आपल्याच रस्त्यावर तशी गाडी चालविणाऱ्या दोघा-तिघांना विचारून घ्यावे.

क्षमतेविषयीही हाच विवेक हवा. दोन टनांची गाडी सहाशे किलो माल घेऊन रोज धावत असेल, तर क्विंटलमागे पडणारा खर्च डोळे उघडणारा असतो. अशा शेतकऱ्याला लहान गाडीच योग्य. सी.एन.जी.वरील गाड्यांचा इंधनखर्च बहुधा कमी पडतो. परंतु पंप वाटेवर आहे काय, टाकीच्या वजनामुळे माल किती कमी बसतो आणि दर तीन वर्षांनी करावयाची टाकीची तपासणी जवळपास होते काय, हे आधी पाहिले पाहिजे.

टिकाऊपणाची खरी कसोटी

टिकाऊपणा म्हणजे गाडी किती वर्षे चालते एवढेच नव्हे. ऐन हंगामात ती किती दिवस बंद राहते, यावरही तो मोजला पाहिजे. वीस किलोच्या ७५ क्रेट टोमॅटोची खेप एक दिवस उशिरा गेली आणि क्रेटमागे शंभर रुपये भाव घसरला, तर एका दिवसात साडेसात हजार रुपये जातात. सुटा भाग येईपर्यंत अशा तीन खेपा चुकल्या, तर नुकसान २२,५०० रुपयांचे होते आणि दुरुस्तीचे बिल वेगळेच. टोयोटाची हायलक्स ही १९६८ पासून जगभर काटकपणासाठी नावाजलेली गाडी आहे. पण जिचा सुटा भाग दीडशे किलोमीटरवरून आणावा लागेल अशी काटक गाडी, तालुक्याच्या गावी सर्व भाग मिळणाऱ्या साध्या गाडीपेक्षा शेतकऱ्याला अधिक अडचणीत टाकू शकते. म्हणून गाडी पसंत करण्यापूर्वी तालुक्यातील सुट्या भागांच्या दुकानात व गॅरेजमध्ये एक फेरी मारणे अगत्याचे आहे. कोणत्या गाडीचे कोणते भाग वारंवार विकले जातात, हे तो दुकानदार विक्रेत्यापेक्षा अधिक प्रामाणिकपणे सांगेल.

नव्या इंजिनांच्या बाबतीत आणखी दोन पथ्ये पाळावीत. काजळीची गाळणी स्वच्छ होण्यासाठी इंजिन काही वेळ सलग व तापून चालावे लागते. शेत ते घर एवढ्याच फेऱ्या होत असतील, तर अधूनमधून मोठ्या रस्त्यावर गाडी न्यावी, आणि गाळणीचा दिवा लागल्यास त्याकडे दुर्लक्ष करू नये. ज्या गाड्यांत डी.ई.एफ. हे युरियायुक्त द्रव भरावे लागते, त्यांत शेतातील युरिया पाण्यात विरघळवून कधीही ओतू नये. तो निंबोळी तेलाचे आवरण असलेला असतो व त्यातील अशुद्ध द्रव्यांनी हजारो रुपयांची यंत्रणा निकामी होते. शिवाय अनुदानित खताचा शेतीबाहेर वापर करणे बेकायदेशीर आहे.

जादा भाराचा मोह

पिकअपचे आयुष्य सर्वांत अधिक कमी करणारी गोष्ट कारखान्यात घडत नाही, ती शेताच्या बांधावर घडते. दीड टनाच्या गाडीत अडीच टन कांदा भरला की एक खेप वाचल्याचे समाधान मिळते. परंतु कमानपाटे, टायर, क्लच व ब्रेक यांच्यावर त्याचा भार पडतो, आणि वाचलेल्या खेपेचे पैसे काही महिन्यांत गॅरेजमध्ये भरावे लागतात. घाटात ब्रेक निकामी झाल्यास प्रश्न पैशांचाही उरत नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार जादा भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. त्याचप्रमाणे हौद्यात मजूर बसवून नेण्याची चालही सोडली पाहिजे. अपघात झाल्यास जीव जातात आणि विमा कंपनी भरपाईची जबाबदारी नाकारू शकते.

काय करावे

गाडी दारी असावी या इच्छेमागे केवळ हौस नसते, हेही मान्य केले पाहिजे. भाड्याची गाडी हंगामात वेळेवर मिळत नाही. स्वतःची गाडी असली की जवळच्या बाजारात भाव पडल्यास दूरचा बाजार गाठता येतो. हे स्वातंत्र्य मोलाचे आहे. परंतु ते मिळविण्याचा मार्ग एकट्याने कर्ज काढणे एवढाच नाही. तोडणीचे दिवस निरनिराळे असणाऱ्या चार-पाच बागायतदारांनी, किंवा गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीने, एक गाडी सामाईकपणे घेतली तर तिची वार्षिक धाव आपोआप वाढते व प्रत्येकाचा भार घटतो. त्यासाठी खेपांची पाळी, दुरुस्तीचा निधी व चालक यांविषयीचे नियम आधी लेखी ठरवावेत. अन्यथा गाडीपेक्षा आधी मैत्री मोडते.

जुनी गाडी घेणाऱ्याने स्वस्ताईला भुलू नये. व्यापारी गाडीचे योग्यता प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दोन-दोन वर्षांनी, व त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. तेव्हा आठ वर्षांपुढील गाडीच्या किमतीत हा वार्षिक खर्च व वेळ मिळवूनच भाव करावा.

शेवटी, ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी एक साधी वही गाडीत ठेवावी. रोजचे किलोमीटर, नेलेला माल, भरलेले डिझेल, दुरुस्तीचा खर्च आणि गाडी बंद राहिलेले दिवस, एवढ्या पाच गोष्टी तीत लिहाव्यात. वर्षअखेर बेरीज केली की आपली गाडी शेताला पोसते की शेत गाडीला पोसते, हे त्या वहीतून कळेल. आणि नवी गाडी घेण्याच्या विचारात असलेल्या शेजाऱ्याला ती वही जितके खरे सांगेल, तितके कोणत्याही कंपनीचे माहितीपत्रक सांगणार नाही.