मरोळच्या गायकवृंदाचे वर्ष

मुंबईच्या उपनगरांत सामुदायिक गायनाचा नित्यनेम ज्या थोड्या ठिकाणी अद्याप चालू आहे, त्यांत ख्रिस्ती धर्मग्रामांच्या गायकवृंदांना मानाचे स्थान द्यावे लागेल. परंतु महाराष्ट्राच्या संगीतपरंपरेचा विचार करताना आपण भजन, कीर्तन, शाहिरी आणि नाट्यसंगीत यांचा आदराने उल्लेख करतो आणि या गायकवृंदांपाशी येताच, ती वस्तू परक्याची असावी तसे, पुढे निघून जातो. ही समजूत दूर झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या समर्थनार्थ मी अंधेरीच्या पूर्वेस वसलेल्या मरोळचे उदाहरण घेतो. कारण तेथील चर्चमध्ये ज्यांच्या पिढ्या गात आल्या, ते ईस्ट इंडियन लोक याच मातीतले, मराठी मातृभाषेचे आणि साष्टीच्या भातखाचरांत राबलेल्या रयतेचे वंशज आहेत.

या धर्मग्रामाचा इतिहास मरोळच्याही आधी शेजारच्या कोंडिविटे गावात सुरू होतो. जेझुइट धर्मगुरूंनी १५७९ साली तेथे बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या नावे चर्च उभारले. पुढे १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत पोर्तुगीजांचा अंमल जाऊन साष्टी पेशव्यांकडे आली, १७७४ च्या अखेरीस ती इंग्रजांनी घेतली, दप्तरांची भाषा आणि सनदांवरील मोहोर बदलत गेली. तरी रविवारची उपासना आणि तिच्यासोबतचे गायन खंडित झाले नाही. १८४० मध्ये रोगाची साथ आल्यामुळे गावकऱ्यांनी ते स्थान सोडले व मरोळ येथे योहान याच नावाच्या दुसऱ्या संताचे, म्हणजे शुभवर्तमानकार योहानाचे, चर्च झाले. जुन्या चर्चचे भग्नावशेष, १९७३ साली स्थापन झालेल्या सीप्झ या निर्यात क्षेत्राच्या कुंपणात, आज कारखान्यांच्या व कचेऱ्यांच्या मध्ये उभे आहेत. शेते गेली, गावे उठली, मिळकतींचे कब्जे पालटले. या सर्व उलथापालथीतून समाजाने जे आपल्यासोबत आणले, त्यात गाणे हा फार मोठा ऐवज आहे.

या गाण्याचे वर्ष ऋतूंशी आणि उपासनेच्या पंचांगाशी बांधलेले असते. नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो व त्याबरोबरच नवे धार्मिक वर्षही. त्याच्या पुष्कळ आधीपासून संध्याकाळच्या तालमी चाललेल्या असतात. कचेरीतून लोकलच्या गर्दीत उभ्याने परतलेला कारकून, महाविद्यालयीन विद्यार्थिनी, निवृत्त शिक्षक आणि घरचे काम उरकून आलेली गृहिणी, ही सारी एका पेटीभोवती वा ऑर्गनभोवती जमतात. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास असे चार स्वरप्रवाह प्रथम निरनिराळे घोटून घेतले जातात. ज्यांना स्वरलिपी वाचता येत नाही ते कानांनी ऐकून पाठ करतात. आणि मग एके दिवशी चारही प्रवाह एकत्र सोडले की ज्याला आपलाच भाग ठाऊक होता त्याला संपूर्ण गीताचे प्रथम दर्शन घडते. आपल्या अभिजात संगीतात एकट्या गायकाच्या प्रतिभेला सर्वोच्च स्थान आहे, भजनात मुख्य गायकामागून साथीदार उचलून धरतात. परंतु शेजाऱ्याचा भिन्न स्वर ऐकत असतानाच आपला स्वर न सोडणे, ही या गायनाची विशेष शिस्त आहे, आणि नागरिकत्वाचे शिक्षण म्हणूनही तिचे मोल थोर आहे.

डिसेंबरात हाच वृंद नाताळची गीते गात गावठाणाच्या गल्ल्यांतून फिरतो. नाताळानंतर दोनच दिवसांनी, २७ डिसेंबरला, मरोळच्या आश्रयदात्या संताचा स्मरणदिन येतो. फाल्गुनाच्या सुमारास उपवासकाळ लागला की सूर पालटतो. त्या चाळीस दिवसांत आलेलुयाचा घोष वर्ज्य असतो, आणि वाद्ये गायनाला आधार देण्यापुरतीच वाजविण्याचा शिरस्ता आहे. पवित्र गुरुवारी गौरवगीत झाले की घंटा मौन धारण करतात, ते थेट पास्काच्या जागराच्या रात्री पुन्हा गौरवगीत सुरू होईपर्यंत. त्या अवधीत काही ठिकाणी लाकडी खुळखुळ्याने वेळ सुचविली जाते. आनंदाचे मूल्य कळावे म्हणून आनंदाचे स्वर काही काळ राखून ठेवण्याची ही योजना कोणाही संगीतरसिकाने विचारात घ्यावी अशी आहे.

वैशाखात गायन चर्चच्या भिंतींबाहेर येते. ईस्ट इंडियन गावठाणांतून जे क्रूस दिसतात, त्यांतील अनेक १८९६ साली सुरू झालेल्या प्लेगच्या काळात संकटनिवारणाच्या आशेने उभारले गेले. मे महिन्यात त्यांना फुलांनी व दिव्यांनी सजवून आळीतले लोक सायंकाळी जमतात व लदीन, म्हणजे प्रार्थनामालिका, म्हणतात. लग्नसराईत उंबराचे पाणी आणण्याच्या विधीत स्त्रिया ईस्ट इंडियन बोलीतली गाणी म्हणतात आणि घुमटाचा ठेका घुमतो. ती गाणी शिकवायला कोणता शिक्षक नाही; आजीच्या मागे चालणारी नात हाच तिचा वर्ग. मग मृगाचा पाऊस येतो आणि २४ जूनला, ज्याच्या नावाने कोंडिविट्याचे चर्च उघडले त्या संताचा सण. सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीची नऊ दिवसांची प्रार्थना व जत्रा, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्यांचा आशीर्वाद. मरोळमध्ये भाताचे पीक आता निघत नाही. तरीही आगेऱ्याचे गीत या समाजाला, आणि ऐकू इच्छील त्या प्रत्येक मुंबईकराला, ही भूमी कोणाच्या श्रमाने सुपीक झाली होती याचे स्मरण देते.

या परंपरेची मराठी बाजू दुबळी होत चालली आहे, ही माझी खरी चिंता होय. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून ख्रिस्ती भक्तीला मराठी छंदांचे अधिष्ठान आहे. प्रॉटेस्टंट पंथात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन व कीर्तन यांना उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केल्यानंतर लॅटिनच्या जागी लोकभाषांना मार्ग मोकळा झाला. परंतु मुंबईच्या उपनगरांत त्या मोकळ्या जागेचा मोठा भाग इंग्रजीने व्यापला. त्याला कारणे आहेत: निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या भाविकांना एक समान भाषा हवी असते, आणि मुलांचे शिक्षण इंग्रजीत होते. ती कारणे मी कमी लेखत नाही. परंतु आगेऱ्याची, क्रूसाची आणि लग्नाची गाणी ज्या बोलीत जन्मली ती सोडून गाता येत नाहीत; बोलीसह त्यांचा अंत होईल. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा तिच्या प्राचीनत्वाचा आपण गौरव केला. परंतु भाषेचे वैभव तिच्या सर्व लेकरांच्या वाणीत असते, शिलालेखांइतकेच लदीनीच्या सायंकाळीही असते.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली धर्मग्रामांना: वर्षातील निदान काही प्रसंग, विशेषतः आगेरा आणि मे महिन्यातील प्रार्थना, मराठीत व बोलीत राखून ठेवावेत आणि गायकवृंदात वृद्ध स्त्रियांना शिक्षिकेचा मान द्यावा. दुसरी राज्य मराठी विकास संस्था आणि साहित्य व संस्कृती मंडळाला: मरोळ, सहार, मनोरी, गोराई आदी गावठाणांतील गाण्यांचे ध्वनिमुद्रण चालीसकट करून त्यांचा संग्रह स्वरलिपीसह छापण्याची तजवीज करावी, आणि गाणाऱ्यांच्या संमतीने व त्यांच्या नावानिशी ते काम व्हावे. तिसरी महानगरपालिकेला: सायंकाळी रिकाम्या पडणाऱ्या शाळांच्या खोल्या गायकवृंद, भजनी मंडळे आणि कव्वालांची पथके यांना नाममात्र भाड्याने सारख्याच अटींवर द्याव्यात, आणि गावठाणाच्या पुनर्विकासाचा प्रत्येक मसुदा मंजूर करताना क्रूस व त्यापुढील मोकळे अंगण सामायिक वहिवाटीची जागा म्हणून नकाशात नोंदवावे. अंगण गेले की लोक जमत नाहीत, आणि लोक जमले नाहीत तर कितीही उत्तम ध्वनिमुद्रण असो, ते केवळ दप्तरी राहील.

यापैकी कोणत्याही सूचनेला मोठा खर्च येत नाही. ज्यांनी सत्तांतरे, साथी आणि विस्थापन यांतून गाणे सांभाळले, त्यांना आपण मराठी समाज म्हणून एवढी साथ देणे हे उपकार नव्हेत, ते आपले कर्तव्य आहे. आणि येत्या ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी जवळच्या गावठाणात जाऊन आगेऱ्याचे गाणे ऐकण्यापासून ते कोणाही वाचकाला सुरू करता येईल.